दुसऱ्याला वाचता यावे म्हणून

संगणकाच्या अंतरंगाविषयी मराठीच्या प्राध्यापकांनी लिहावे, हा आगाऊपणा आहे याची आम्हांला जाणीव आहे. आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. संहिता, पाठभेद, प्रक्षेप, संपादन हे आमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. ‘ड्रायव्हर’ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर एस.टी.चा चालक उभा राहतो. तरीही हे टिपण लिहावेसे वाटले, त्याला एक निमित्त घडले.

अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी घेऊन बसलेला आणि पुढे अभियांत्रिकीकडे गेलेला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत घरी आला होता. पुण्यात एका चिप बनवणाऱ्या कंपनीत तो काम करतो. चहा घेता घेता काय चालले आहे असे विचारले, तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “मॅडम, आठ महिने झाले, मी एकही नवी गोष्ट केलेली नाही. कंपनीच्या ड्रायव्हरचा कोड लिनक्सच्या मुख्य प्रवाहात द्यायचा म्हणून आहे तोच पुन्हा लिहितोय. साहेब विचारतात, आठ महिन्यांपूर्वी हे यंत्र चालत होतं, आजही चालतंय, मग तू केलंस काय? काय सांगू त्यांना?” आम्ही विचारले, “मग कोणासाठी लिहितो आहेस?” तो क्षणभर थांबून म्हणाला, “सर, जे पुढे वाचतील त्यांच्यासाठी.”

हे उत्तर आमच्या ओळखीचे होते. आमच्या क्षेत्रात ज्याला संपादन म्हणतात, ते हेच. त्याच्याकडून, आणि पुढे आमच्या परीने वाचून, या व्यवहाराची जी माहिती मिळाली, ती आम्हांला वाङ्मयीन प्रश्नांच्या इतकी जवळची वाटली की त्याविषयी मत मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. लिनक्सचे कर्नल, म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामधला गाभ्याचा थर, १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहायला घेतले. आज त्याच्या ओळींची संख्या चार कोटींच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट यंत्राशी, मग तो छपाईयंत्राचा असो वा बिनतारी जाळ्याचा, कर्नलला बोलता यावे म्हणून लिहिलेला दुभाषा. यंत्र ज्या कंपनीने बनवले तिलाच त्याची भाषा नीट ठाऊक असते. म्हणून दुभाषा पुष्कळदा तीच लिहिते. प्रश्न असा की तो तिने आपल्या घरात ठेवावा, की सर्वांच्या घरात आणून सोडावा?

घरात ठेवलेल्या दुभाष्याचे काय होते याचा अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात लिनक्स बसवले गेले. बिनतारी जोडणीसाठी वीसएक डोंगल विकत घेतले. डब्यासोबत एक सीडी होती, तिच्यावर लिनक्सचा ड्रायव्हर होता. एका उत्साही विद्यार्थ्याने तो बसवला, सारे सुरळीत चालले. वर्षभराने संगणकांवर नवी आवृत्ती आली आणि सगळे डोंगल एका दिवसात मुके झाले. सीडीवरचा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी लिहिलेला होता. कंपनीने नवा दिला नाही, पत्रांना उत्तर नाही. वस्तू चांगली होती, एकही तार तुटली नव्हती. तरी वीस डोंगल कपाटात गेले. आणखी काही वर्षांनी गंमत अशी झाली की, त्याच चिपसाठीचा ड्रायव्हर कोणा स्वयंसेवकांनी साफसूफ करून मुख्य कर्नलमध्ये आणला, आणि प्रयोगशाळा-साहाय्यकाने सहज म्हणून जोडून पाहिलेले डोंगल सीडीवाचून चालू लागले. वस्तूचे आयुष्य धातूवर आणि प्लॅस्टिकवर अवलंबून नसते, तिच्याविषयी लिहिलेला मजकूर दुसऱ्या कोणाला वाचता येतो की नाही यावर अवलंबून असते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता कोणी म्हणेल, कर्नलच्या मंडळींनी आपल्या आतल्या रचना सतत बदलाव्यातच का? एकदा ठरवून त्या कायम ठेवल्या असत्या तर जुना ड्रायव्हर जन्मभर चालला असता. हा आक्षेप गैरलागू नाही. परंतु कर्नलकर्त्यांनी बुद्ध्याच दुसरा मार्ग निवडला आहे. बाहेर, वापरणाऱ्यांच्या कार्यक्रमांशी असलेला करार ते कसोशीने पाळतात. आतल्या रचना मात्र सुधारणा सुचेल तशा बदलतात. याची भरपाई म्हणून एक हमी असते: जो आतली रचना बदलेल, त्यानेच कर्नलमधल्या, तिच्यावर विसंबून असलेल्या सर्व ड्रायव्हरांची दुरुस्ती करायची. म्हणजे तुमचा दुभाषा एकदा सर्वांच्या घरात आला की त्याचा सांभाळ सर्वांवर आला. बाहेर राहिला तर त्याचे दुखले-खुपले तुमचे तुम्ही पाहा. म्हणूनच आत घेताना इतकी चौकशी होते. उद्या आपल्याला ज्याची दुरुस्ती करावी लागणार, तो मजकूर आज आपल्याला वाचता आलाच पाहिजे, हा हट्ट त्यातून येतो. हा हट्ट समजून घेतला नाही, तर पुढची सगळी प्रक्रिया नुसती शुद्धलेखनाची दंडेली वाटू लागते.

कंपनीत लिहिलेला कोड मुळात असतो कसा? आमच्या विद्यार्थ्याने जे वर्णन केले त्यावरून आम्हांला घाईत लिहिलेल्या खासगी टाचणवह्या आठवल्या. एकच मजकूर विंडोजवर, लिनक्सवर आणि आणखी दोन ठिकाणी चालावा म्हणून मध्ये एक स्वतःचा थर घातलेला असतो. कर्नलमध्ये तयार असलेल्या गोष्टी, साधी यादी करण्यापासून कुलूप लावण्यापर्यंत, स्वतःच्या नावांनी पुन्हा लिहिलेल्या असतात. कर्नलच्या दहा-बारा जुन्या आवृत्त्यांसाठी ‘ही असेल तर असे, ती असेल तर तसे’ अशा जर-तरच्या चौकटी जागोजाग असतात. नावांच्या आधी त्यांचा प्रकार सांगणारी अक्षरे चिकटवलेली असतात. बंद केलेला, पण काढून टाकण्याचे धैर्य न झालेला मजकूर पानेच्या पाने तसाच पडलेला असतो. हे लिहिणारे अडाणी असतात असे मुळीच नाही. वस्तू अमुक तारखेला बाजारात जायची असते आणि वर्षा-दीड वर्षात पुढची वस्तू येणार असते. मजकुराला दुसरा वाचक मिळेल अशी कल्पनाच लिहिताना नसते. वाचक नसला की लेखन असेच होते. आमच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे सांगायला नको.

हा मजकूर सादर करण्याजोगा करायचा म्हणजे काय काय करायचे? प्रथम हक्काचा प्रश्न. कर्नलचा परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती हा आहे. कंपनीच्या कोडमध्ये पुष्कळदा तिसऱ्याच कोणाकडून विकत घेतलेले तुकडे असतात. ते देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे वकिलांकडून तपासून घ्यावे लागते. परवान्याची ओळ प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ठराविक रूपात लिहायची, ही पद्धत २०१७ पासून रूढ झाली. शिवाय प्रत्येक बदलाखाली सादर करणाऱ्याने स्वतःच्या नावाने ग्वाही द्यायची, की हे देण्याचा मला अधिकार आहे. २००३ मध्ये एस्सीओ या कंपनीने आयबीएमवर लिनक्सच्या संदर्भात दावा लावला. कोणती ओळ कोणाकडून आली हे सांगता आले पाहिजे याची निकड त्यातून जाणवली आणि २००४ पासून ही ग्वाही आवश्यक ठरली. हस्तलिखिताची परंपरा सांगताना आपण ‘अमुकाने तमुकाच्या प्रतीवरून नकलली’ ही पुष्पिका शोधतो. इथे ती पुष्पिका प्रत्येक बदलाला जोडलेली असते.

मग कापाकापी. मधला थर काढून कर्नलच्या स्वतःच्या रचना थेट वापरायच्या. जुन्या आवृत्त्यांच्या चौकटी काढायच्या, कारण मुख्य प्रवाहात आवृत्ती एकच, आजची. निरुपयोगी मजकूर पुसायचा. नावे बदलायची. मग लेखननियम: ओळ आत सरकवायची ती टॅबने, आठ अक्षरांच्या रुंदीची, महिरपी कंस कुठे उघडायचा, कुठे मिटायचा, ओळीची लांबी किती. ८० अक्षरांची जुनी मर्यादा २०२० मध्ये तपासनीस कार्यक्रमाने १०० पर्यंत सैल केली, तरी शक्यतो ८० मध्ये राहावे अशी अपेक्षा अजूनही लिहिलेली आहे. हा तपासनीस, ‘चेकपॅच’, २००७ पासून कर्नलसोबतच मिळतो आणि चुका ओळीगणिक दाखवतो.

यानंतरचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. साफ केलेला मजकूर एकगठ्ठा द्यायचा नसतो. त्याचे लहान लहान तुकडे, पॅचेस, करायचे. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. आणि प्रत्येक पॅचनंतर संपूर्ण कर्नल बांधता आले पाहिजे, चालले पाहिजे. कारण पुढे कधी बिघाड झाला, तर बदलांची साखळी निम्मी-निम्मी करीत नेमका दोषी बदल शोधता यावा. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर टिपण हवे: काय केले हे थोडक्यात, आणि का केले हे सविस्तर. ‘काय’ तर मजकुरातच दिसते. ‘का’ हे लिहिणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, कोड लिहायला वेळ लागला नाही इतका ही टिपणं लिहायला लागला. आपण हे असं का केलं होतं, हे कंपनीत कोणालाच सांगता येईना. लिहिणारा सोडून गेलेला.” मग ज्या विभागाचा मजकूर, त्या विभागाच्या मेंटेनरकडे, म्हणजे पालक-संपादकाकडे, सर्वांना दिसेल अशा रीतीने तो पाठवायचा. शेरे येतात, दुरुस्त करून दुसरी आवृत्ती, मग तिसरी. दहाव्या-बाराव्या आवृत्तीपर्यंत जाणारी प्रकरणेही असतात. आणि शेवटी, हा मजकूर पुढे कोण सांभाळणार, त्याचे नाव नोंदवायचे.

या सगळ्याला पर्याय म्हणून नव्हे, तर पायरी म्हणून २००८ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन या मेंटेनरने कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाची एक ओसरी काढली. माजघरात घेण्याइतका मजकूर तयार नसेल, तर त्याने ओसरीवर बसावे, सोबत काय काय दुरुस्त करायचे त्याची यादी ठेवावी आणि सर्वांनी मिळून तो सुधारावा, अशी ही व्यवस्था. ओसरीवरच्या मजकुराची कथा तिथल्या गर्दीइतकीच बोधप्रद आहे.

२००९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या हायपर-व्ही या आभासी यंत्रप्रणालीसाठीचे सुमारे वीस हजार ओळींचे ड्रायव्हर लिनक्सला दिले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. मुक्त परवान्याचा काही भाग बंदिस्त भागांशी जोडला गेला होता आणि त्याकडे लक्ष वेधल्यावर हे घडले, असे एका अभियंत्याने जाहीरपणे लिहिले. कंपनीने आपली कारणे वेगळी सांगितली. ते असो. महत्त्वाचे पुढेच आहे. मजकूर ओसरीवर आला आणि दिलेल्याचे समाधान मानून काही काळ कोणी त्याकडे फिरकले नाही. तो काढून टाकण्याची भाषाही झाली. मग कंपनीने माणसे नेमली. २०११ च्या जुलैमध्ये आलेल्या कर्नलच्या ३.० आवृत्तीत बदलांच्या संख्येने अग्रस्थानी असलेली व्यक्ती मायक्रोसॉफ्टची होती, आणि ते बदल मुख्यतः याच ड्रायव्हरांच्या सफाईचे होते. या सफाईत मजकूर वाढला नाही, लक्षणीय कमी झाला. आणि २०१२ पर्यंत हे ड्रायव्हर ओसरीवरून आत गेले. वीस हजार ओळी देणे हा एका दिवसाचा समारंभ होता. त्या वाचनीय करणे हे दोन-अडीच वर्षांचे काम होते. वर्तमानपत्रांत बातमी आली ती पहिल्याची.

ब्रॉडकॉमच्या बिनतारी चिपांचे उदाहरण असेच. वर्षानुवर्षे लोक उलट अभ्यासाने लिहिलेल्या ड्रायव्हरांवर, किंवा विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात चालवण्याच्या खटपटीवर दिवस काढत होते. २०१० च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने मुक्त ड्रायव्हर दिला, तो आधी ओसरीवर बसला आणि सुमारे सव्वा वर्षाने, ३.२ आवृत्तीत, आपल्या योग्य दालनात गेला.

ओसरीवरून परत गेलेलेही आहेत. अँड्रॉइडचे ड्रायव्हर कोणी सांभाळेना म्हणून २०१० मध्ये काढून टाकले गेले. नंतर ते परतले, पण मध्ये दोन वर्षे गेली. महासंगणकांवर वापरली जाणारी लस्टर ही फाइलप्रणाली २०१३ मध्ये आली आणि २०१८ मध्ये काढली गेली. तिचे खरे काम बाहेरच्या वेगळ्या प्रतीत चालू राहिले आणि दोन पाठ एकमेकांपासून दूर जात राहिले. पाठभेदांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. प्रत दोन ठिकाणी वाढू लागली की मूळ कोणते हा प्रश्न उरतोच.

आणि मग एएमडीचे प्रकरण. या कंपनीने २०१६ च्या आरंभी आपल्या चित्रपटलावरील दृश्ये हाताळणारा सुमारे लाखभर ओळींचा मजकूर चर्चेसाठी ठेवला. त्यात विंडोज आणि लिनक्स यांना सामाईक असा मधला थर होता. कंपनीचा युक्तिवाद रास्त होता: माणसे मोजकी आहेत, दोन ठिकाणी दोनदा लिहिणे परवडत नाही. त्या विभागाचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी डिसेंबर २०१६ मध्ये नकार दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कर्नलचा मजकूर कर्नलच्या लोकांना वाचता, बदलता आला पाहिजे. एका कंपनीच्या सोयीसाठी तिचा खासगी थर आत घेतला, तर उद्या इतरांना नाही कशाच्या आधारावर म्हणायचे? नवी कार्डे विकत घेतलेले ग्राहक तिष्ठत होते, कंपनी मोठी होती, हेतूही चांगला होता. तरी नकार टिकला. कंपनीने रागावून पाठ फिरवली नाही. पुढचे वर्ष मजकुराची पुनर्रचना झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.१५ आवृत्तीत तो समाविष्ट झाला. तो तेव्हाही निर्दोष नव्हता, पण वाचता येण्याजोगा, बदलता येण्याजोगा झाला होता. हा नकार आम्हांला संपादकीय इतिहासातल्या चांगल्या नकारांपैकी एक वाटतो. त्यामागे कारण होते, ते सर्वांसमोर दिलेले होते आणि ते पूर्ण केल्यावर दार उघडले.

आता दुसरी बाजू. इतक्या कडकपणामुळे दार राखणाऱ्यांची एक जात तयार होत नाही का? होते. आमच्याकडेही झाली होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हस्तलिखितावर घेतलेल्या कष्टांच्या कथा आदराने सांगितल्या जातात आणि त्या खऱ्या आहेत. आणि त्याच ‘सत्यकथे’ची लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी होळी केली हेही खरे आहे. आपला आवाज या संपादकीय चाळणीतून कधी जाणारच नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. कर्नलच्या जगातही शेऱ्यांची भाषा अनेक वर्षे अशी होती की नवखा माणूस एका अनुभवानंतर परत फिरकत नसे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये खुद्द टॉरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवले आणि त्याच सुमारास वर्तनाची नवी संहिता स्वीकारली गेली. मजकुराविषयी कठोर असणे आणि माणसाशी कठोर वागणे यांत फरक आहे, हे मान्य करायला सत्तावीस वर्षे लागली. आमच्या व्यवसायात ते अजून मान्य व्हायचे आहे.

दुसरा आक्षेप विषमतेचा. मोठी कंपनी वर्षभर चार माणसे या कामाला लावू शकते. छोट्या कंपनीतला एकटा अभियंता काय करील? इंग्रजीतून वाद घालण्याची सवय नसलेला, रात्री जागून दूरच्या घड्याळाप्रमाणे उत्तरे देणारा माणूस इथे मागे पडतो, हे आम्हांला दिसते. मेंटेनर थोडे, मजकूर अपार, त्यामुळे कित्येकांना शेराही मिळत नाही, केवळ शांतता मिळते. नकारापेक्षा ही शांतता वाईट. यावर उपाय सोपा नाही. पण नियम शिथिल करणे हा उपाय नव्हे, एवढे आम्हांला पक्के वाटते. नियम शिथिल झाले तर त्याचा भार त्याच थोड्या मेंटेनरांवर पडेल आणि शेवटी आमच्या कपाटातल्या डोंगलांसारख्या वस्तूंवर. उपाय झाला तर वाचणाऱ्यांची संख्या वाढवण्यातून होईल, आणि वाचणाऱ्यांना त्या वाचनाचा पगार मिळण्यातून.

इथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. विद्यार्थ्याचे साहेब विचारतात, “तू केलंस काय?” हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. नवे निर्माण केले तर काम, आणि असलेले दुसऱ्याला वाचता येईल असे केले तर ते काम नाही, ही समजूत सर्वत्र आहे. आमच्या विद्यापीठांत तर ती गुणांकनाच्या तक्त्यात छापलेली आहे. एखाद्या हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात दहा वर्षे घालवणाऱ्यापेक्षा, कोणी कधी न वाचणारे दहा शोधनिबंध छापणारा आमच्याकडे लवकर बढती घेतो. प्रबंध सादर होतात ते कंपनीच्या कोडसारखेच: एकगठ्ठा, मुदत संपत आली म्हणून, कुठून काय घेतले याची पुरती ग्वाही न देता, आणि पुढे कोण वाचील याचा विचार न करता. आम्ही त्यांवर सह्या केल्या आहेत. ही कबुली इथे द्यायला हवी, नाहीतर आम्हांला त्या साहेबांवर बोट रोखण्याचा अधिकार नाही.

वस्तुतः मराठीच्या परंपरेत या कामाचा मान मोठा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्याच्या नावावर स्वतःची एवढी ग्रंथसंपदा आहे, अशा कवीने दुसऱ्याच्या ग्रंथातले अपपाठ काढण्यात आयुष्याचा काळ घातला आणि नवी ओवी घुसडणाऱ्यांना इशाराही देऊन ठेवला. तेव्हा त्यांना कोणी ‘यात तुम्ही नवीन काय केले’ असे विचारले नसावे. आज आपल्या हाती ज्ञानेश्वरी आहे, त्यात नाथांचा वाटा मोठा आहे. एका ड्रायव्हरची तुलना आम्ही ज्ञानेश्वरीशी करीत नाही. तेवढे भान आम्हांला आहे. आम्ही तुलना करतो ती वृत्तीची: हाती आलेला मजकूर आपल्यानंतरच्या माणसाला सुवाच्य मिळावा, ही वृत्ती.

म्हणून कंपन्यांना आमचे सांगणे, त्या ते ऐकतील अशी आशा न धरता, एवढेच आहे की ही सफाई शेवटी करण्याची गोष्ट मानू नका. आधी घाईत लिहायचे आणि मग दोन वर्षे निस्तरायचे, याऐवजी पहिल्या दिवसापासून मुख्य प्रवाहासाठीच लिहिणे स्वस्त पडते. ज्या कंपन्यांनी हे ओळखले, त्यांचे ड्रायव्हर यंत्र बाजारात येण्याआधी कर्नलमध्ये असतात. आणि जो माणूस हे काम करतो त्याला रिकामटेकडा समजू नका. तुमचे यंत्र विकले जाईल ते जाहिरातीमुळे, पण दहा वर्षांनी ते चालत असेल तर त्या माणसामुळे. तोवर तो माणूस दुसरीकडे असेल, तुमच्या कंपनीचे नावही कदाचित बदललेले असेल, आणि त्याचे ते टिपण, ‘हे असे का केले’, कोणी अनोळखी वाचत असेल.

विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. परवा त्याचा फोन आला. सातव्या आवृत्तीवर दोन शेरे उरले आहेत. एक नावाबद्दल, एक टिपणाबद्दल. दरम्यान त्याला दुसऱ्या कामावर हलवण्याचे घाटत आहे, आणि तसे झाले तर एवढे काम अर्ध्यात राहील. सुटीच्या दिवशी घरी बसून तो आठवी आवृत्ती तयार करतो आहे. त्याने ते टिपण आम्हांला वाचून दाखवले. इंग्रजी होते, विषय कळला नाही. पण पहिल्या वाक्यात अडचण होती, दुसऱ्यात तिचे कारण होते आणि तिसऱ्यात उपाय होता. मॅडमनी त्याला सांगितले, “एवढंच नीट लिहायला आम्ही शिकवत होतो रे.” तो हसला. म्हणाला, “तेव्हा कोण वाचणार होतं, मॅडम?”